ओडिल गाडीत बसलाय

"आई, झोपलीस का?" गाडी चालवता चालवता हिल्डेनं विचारलं.

झुल्मा झोपली नव्हती. नामूर मागं पडलं की रस्ता चढणीला लागतो, कानात दडे बसतात आणि खिडकीबाहेर आर्देनची जंगलं सुरू होतात, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. पस्तीस वर्षं ती हा रस्ता करत आली होती. नोव्हेंबरात इथं धुकं इतकं दाट असतं की पुढची गाडी दिसत नाही, नुसते तिचे लाल दिवे तरंगत जाताना दिसतात. ते दिवे बघत बसायला तिला आवडायचं. वाटायचं, हा रस्ता कधी कुठं पोचूच नये.

"ऐकतेय गं मी," ती म्हणाली. खरं तर हिल्डे जे सांगत होती त्यातलं निम्मंही तिच्या कानावर पडलं नव्हतं. लेक आपली सकाळपासून तेच तेच समजावत होती. नव्या वर्षापासून लक्झेंबर्गच्या बँका बेल्जियमच्या खातेदारांची सगळी माहिती ब्रसेल्सला कळवणार. लपवाछपवीचे दिवस गेले. आपण होऊन सांगितलं तर दंड भरून माणूस मोकळा होतो, वकिलानं तसं सांगितलंय. आज फक्त खातं बंद करायचं, चार सह्या ठोकायच्या आणि अंधार पडायच्या आत टील्टला घरी. इतकं सोपं.

सोपं. झुल्मानं पर्स मांडीवर घट्ट धरली.

ओडिल, म्हणजे तिचा नवरा, गादीवाला होता. टील्टच्या चर्चमागं त्याचं दुकान होतं. मेंढीची लोकर पिंजायची, खोळीत भरायची, लांब सुईनं टाके घालायचे. आसपासच्या पाच गावांत नवं लग्न झालं की गादी ओडिलचीच. जुन्या गाद्या उसवायला यायच्या तेव्हा त्यांतून काय काय निघायचं ते त्यालाच ठाऊक. नोटांची पुडकी, दागिने, एकदा तर कुणाचीशी दातांची कवळी. मालकाला तो सगळं जसंच्या तसं परत करायचा आणि संध्याकाळी जेवताना झुल्माला म्हणायचा, "लोक काय खुळे आहेत बघ. गादीत पैसे ठेवतात. गादीवाल्याच्या हातात देतात."

आपले पैसे त्यानं लक्झेंबर्गला ठेवले होते.

तो लबाड होता म्हणून नव्हे. निदान झुल्माला तरी तसं कधी वाटलं नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा ओडिल आठ वर्षांचा होता, आणि सरकारनं एका फटक्यात जुन्या नोटा रद्द केल्या. माणशी थोड्या नव्या नोटा हातावर ठेवल्या, बाकीचे पैसे अडकवून टाकले. त्याचा बाप थंडीत रांगेत उभा राहिला. बापाचा तो रांगेतला चेहरा ओडिलनं पाहिला होता, आणि तो त्याच्या डोक्यातून जन्मभर गेला नाही. "उघड्यावर ठेवलं की सरकार मोजतं," तो म्हणायचा, "आणि मोजलं की हात घालतं." एवढंच त्याचं अर्थशास्त्र. त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

आणि तो काही एकटा नव्हता. उभा गाव जायचा. औषधवाला जायचा, दातांचा डॉक्टर जायचा, पाद्रीबाबांची बहीणसुद्धा जायची. सीमेपलीकडच्या पेट्रोलपंपावर, तिकडं पेट्रोल स्वस्त म्हणून, सगळ्यांच्या गाड्या एका ओळीत उभ्या असायच्या. पण तिथं कुणी कुणाला ओळख द्यायची नाही, असा अलिखित कायदा होता. औषधवाला समोरून आला तर ओडिल आकाशाकडं बघायचा. औषधवालासुद्धा आकाशाकडंच बघायचा. झुल्माला हसू आवरायचं नाही.

तिला विचाराल तर ती सांगेल की या सगळ्याचा पैशाशी काही संबंधच नव्हता. दुकान वर्षभर उघडं. सुट्टी म्हणून नाही. ओडिलच्या केसांत, मिशांत, कॉफीत लोकरीचे तंतू. संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, मंडळी स्मशानात शेवंतीच्या कुंड्या ठेवून आली की त्याच आठवड्यात एका दिवशी ओडिल सूट चढवायचा, दाढी घोटायचा, आणि दोघं पहाटे निघायची. वाटेत ती उकडलेलं अंडं सोलून त्याच्या हातात द्यायची. बँकेत एका छोट्या खोलीत बसून तो कात्रीनं रोख्यांची व्याजाची कूपनं कापायचा, अगदी खोळ बेतल्यासारखी, आणि बँकेच्या खुर्चीची गादी दाबून म्हणायचा, "यात भुस्सा भरलाय. तुमची फसवणूक झाली." मग तिथले कीफरसाहेब पोट धरून हसायचे. दुपारी नदीकाठच्या हॉटेलात मासा आणि पांढरी वाईन. वाईन घेतली की तो टेबलाखालून तिचा हात धरायचा. टील्टमध्ये त्यानं कधी तिचा हात धरला नाही. टील्टमध्ये त्याला वेळच नव्हता.

ओडिल गेला त्याला आता सहा वर्षं झाली होती.

फक्त लक्झेंबर्गमध्ये तो अजून गेला नव्हता.

हे हिल्डेला ठाऊक नव्हतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. झालं होतं ते असं. माणूस गेला की बँकेला लगेच सांगायचं नाही, सांगितलं की खात्याला टाळं लागतं आणि विधवेला पावाला पैसे मिळत नाहीत, हे फ्लँडर्समध्ये शेंबडं पोरही जाणतं. शेजारणीनं तर मयताच्या घरातच कानात सांगितलं होतं. त्या वर्षी नोव्हेंबरात झुल्मा एकटीच गाडी घेऊन निघाली. जपून जपून, उजव्या कडेनं, मागून ट्रकवाले दिवे मारतायत. कीफरसाहेबांना सगळं सांगून टाकायचं की नाही, याचा वाटभर विचार करत होती. बँकेत वर गेली, आणि कीफरसाहेबांनी उठून खुर्ची पुढं करत विचारलं, "आणि मस्यू कुठंयत?"

"ओडिल गाडीत बसलाय," ती म्हणून गेली. "गुडघा दुखतोय त्याचा. जिने नको म्हणाला."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," कीफरसाहेब म्हणाले.

खाली येऊन तिनं गाडीचं दार उघडलं, रिकाम्या सीटकडं बघितलं आणि नमस्कार सांगितला. वेड लागलंय आपल्याला, असं तिला वाटलं. पण परतीच्या वाटेवर तिला इतकं हलकं वाटत होतं, जितकं मार्चमध्ये ओडिल गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. या जगात एक तरी जागा आहे जिथं ओडिल अजून आहे. गुडघ्यानं कुरकुरतोय, कंटाळलाय, गाडीत बसून वाट बघतोय, पण आहे. लक्झेंबर्गहून घरी कधी पत्र यायचं नाही, कारण पत्रं पाठवू नका असं ओडिलनं सुरुवातीलाच लिहून दिलं होतं. त्यामुळं तिकडची कुणकुण इकडं नाही आणि इकडची तिकडं नाही.

दुसऱ्या वर्षी कीफरसाहेबांनी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. तिसऱ्या वर्षी तिनं ओडिलला जरा लठ्ठ केला. चौथ्या वर्षी त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करवली, पण ती नीट जमली नाही. सणाच्या दिवशी ती स्मशानात जाऊन त्याच्या दगडापाशी शेवंती ठेवायची, पानं झाडायची, आणि त्याच आठवड्यात लक्झेंबर्गला जाऊन त्याच्या तब्येतीबद्दल बोलून यायची. दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नव्हतं. गाडी वाहनतळात लावताना ती त्याच्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची, हवा यावी म्हणून.

मागच्या वर्षी मात्र कीफरसाहेबांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं होतं, "पुढच्या वेळी मस्यूंना वर यावंच लागेल, मादाम. दहा मिनिटं का होईना. नियम बदललेत, माझ्या हातात काही नाही."

त्यानंतरचं वर्ष झुल्मानं कसं काढलं तिचं तिला माहीत. ओडिलला वर कसा आणायचा? उन्हाळ्यात तिनं शेवटी हिल्डेला सांगितलं. सगळं नाही. फक्त खात्याचं.

हिल्डे गावाच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायची. टील्टची दोन पिढ्यांची पोरं तिनं पाण्यात तरंगवली होती. नगरपालिकेकडं पैसे नाहीत म्हणून तलाव पुढच्या वसंतात बंद होणार, अशी पाटी त्याच आठवड्यात लागली होती. नेमका मुहूर्त साधला होता झुल्मानं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं शांतपणे विचारलं, "बाबांना न्यायला आठवड्यातून तीनदा टॅक्सी यायची. तीन वर्षं डायलिसिसच्या मशीनवर काढली त्यांनी. तुला बिल किती आलं?"

"काहीच नाही."

"मग ते कुणी भरलं, आई?"

ओडिल असता तर त्यानं बापाची रांग सांगितली असती. झुल्मानं ती सांगून पाहिली, पण ओडिलच्या तोंडी ती जशी लागायची तशी लागेना. मग चिडून म्हणाली, "माणसानं आपल्या घामाचा पैसा कुठं ठेवायचा हे सरकारनं का सांगावं? चोरलाय का आम्ही?"

"कुठं ठेवायचा ते नाही गं सांगत कुणी. चंद्रावर ठेव. पण सांगून ठेव," हिल्डे म्हणाली. "बाबा सांगत नव्हते. आणि ज्यांना लपवायला काही नव्हतं, ते सगळे बाबांच्या टॅक्सीचे पैसे भरत होते."

त्या रात्री झुल्माला राग आला तो हिल्डेचा नव्हे, ओडिलचा. आयुष्यात पहिल्यांदाच. मेल्या माणसावर रागावून करायचं काय? पडल्या पडल्या तिनं त्याच्याशी भांडून घेतलं. तो कूस बदलून झोपल्यासारखा राहिला. हिल्डेचं चूक नाही, हे तिला पटत होतं. पण खातं बंद करायचं म्हणजे वर जाऊन सांगायचं. आणि सांगितलं की तो तिकडंही गेला. मग कुठं राहिला?

"आर्लाँ आलं," हिल्डे म्हणाली. धुकं विरळ झालं होतं. सीमा कुठं गेली ते नेहमीप्रमाणंच कळलं नाही.

बँकेची इमारत नवी झाली होती, पण कीफरसाहेब जुनेच होते. केस पांढरे, कोटाची तीनही बटणं लावलेली. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते. तिनं हिल्डेची ओळख करून दिली. मुलगी अगदी वडिलांवर गेलीय, असं म्हणत त्यांनी कौतुकानं तिच्याकडं पाहिलं. मग दाराकडं बघितलं, मागून आणखी कुणी येतंय का म्हणून, आणि खाली बसत म्हणाले, "मस्यू अजून खालीच का? लिफ्ट आहे आता. मी माणूस पाठवतो. हात धरून आणेल."

झुल्मानं वाटभर जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. तिला नुसतं ऐकू येत होतं, खालच्या अर्धवट अंधारात एका गाडीचं दार उघडतंय, आणि कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, हळूहळू बाहेर येतंय.

हिल्डेनं आईकडं पाहिलं. तिच्या पिशवीत बाबांच्या मृत्यूचा दाखला होता, बँकेला लागेल म्हणून आणलेला. ती कीफरसाहेबांकडं बघत राहिली, मग परत आईकडं. पर्सचा पट्टा पिळणाऱ्या बोटांकडं. हिल्डेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी व्हायच्या तशा. एवढी मोठी बाई, पण सगळं कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"हो," हिल्डे म्हणाली. "बाबा गाडीतच आहेत. आज त्यांना बरं नाहीये. कुणाला पाठवू नका."

झुल्मानं चमकून लेकीकडं पाहिलं. ही पोर जन्मात खोटं बोलली नव्हती. तलावाच्या काठापासून हातभर अलीकडं थांबलेल्या मुलाला ती पोहल्याचं प्रमाणपत्र द्यायची नाही. त्याची आई येऊन रडली तरी नाही. उन्हाळाभर जिनं आपल्याला खरं-खोटं शिकवलं, ती आता मान खाली घालून, एका परक्या माणसासमोर, आईच्या वेडेपणाला पदराखाली घेत होती. झुल्माला भरून आलं. तिला इतकी माया कधीच वाटली नव्हती, या हट्टी, सरळ, चाळिशी उलटलेल्या पोरीबद्दल. आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे हिच्या गळ्यात घालायचं नाही. आपण वाहिलं, हौसेनं वाहिलं. हिनं का वाहावं?

"नाही," ती म्हणाली. "हिचं ऐकू नका. ओडिल नाहीये गाडीत."

कीफरसाहेब थांबले.

"वारला तो," झुल्मा म्हणाली. तिचं फ्रेंच मोडकंतोडकं. सभ्य माणसं हे कोणत्या शब्दांत सांगतात ते तिला येत नव्हतं, म्हणून तिनं सरळच सांगितलं. "सहा वर्षं झाली. मार्चमध्ये. दरवर्षी मी तुमच्याशी खोटं बोलले."

हिल्डेनं आईच्या कोपराला हात लावला. बाहेरच्या मोकळ्या जागेत कुणी तरी कपबश्या आवरत होतं.

कीफरसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पडला होता. आणि झुल्माच्या ध्यानात आलं की याचा त्रास या माणसालाही होणार आहे, निवृत्तीच्या तोंडावर. त्यांनी ते लपवलंही नाही. "हे मला वर कळवावं लागेल, मादाम," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी त्यांच्या नावापुढं लिहीत आलो, खाली थांबलेत म्हणून."

"कळवा," ती म्हणाली. "माझी चूक म्हणून कळवा. तुमची नव्हती."

हिल्डेनं दाखला काढून टेबलावर ठेवला. कीफरसाहेबांनी तो उचलला नाही. झुल्मा वाट बघत राहिली, आता ते घंटी वाजवतील, कुणाला तरी बोलावतील, काय विचारायचं ते विचारतील. एकदाचं होऊन जाऊ दे. तिच्या डोक्यात कसलाच विचार उरला नव्हता. खाली गाडी आहे, गाडीत कुणी नाही, एवढंच तिला कळत होतं.

कीफरसाहेब उठले. टेबलाला वळसा घालून ते तिच्यासमोर आले आणि त्यांनी दोन्ही हातांत तिचा हात घेतला. घरी बातमी नुकतीच येऊन थडकावी तसे त्यांचे हात गार पडले होते.

"फार वाईट झालं, मादाम," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. झुल्मा त्यांच्याकडं बघतच राहिली. टील्टमध्ये सहा वर्षांपूर्वी सगळे रडून मोकळे झाले होते. आता तिथं ओडिलचं नाव निघालं तर लोक मान हलवून दुसरं बोलायला लागायचे. आणि इथं या माणसाचा ओडिल आत्ता, या क्षणी गेला होता.

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या पलीकडं नव्हे, तिच्या शेजारी बसले. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

हे तिला फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. तिनं हिल्डेकडं पाहिलं. हिल्डेनं मान हलवली आणि पिशवी जमिनीवर ठेवून दिली.

"दवाखान्यात होता शेवटी," झुल्मा म्हणाली. "तिथल्या गादीला नावं ठेवत होता. नर्सला म्हणाला, उठवा मला, मी ही उसवून नीट भरून देतो. सकाळी बर्फ पडलं होतं थोडंसं. मार्चमध्ये पडतं तसं, जमिनीला लागलं की जातं. त्यानं मला खिडकी उघडायला सांगितली…"

टेबलावरचा फोन वाजायला लागला. कीफरसाहेबांनी तिकडं पाहिलं नाही. तो वाजून वाजून थांबेपर्यंत झुल्मा थांबली, मग तिनं डोळे पुसले आणि पुढं सांगायला लागली.